शुक्राचा दिवस 243 दिवसांचा की 117 चा? ग्रह-चंद्रांच्या फेऱ्यांचे दोन-दोन आकडे का असतात

भूगोल शिकवणाऱ्या कागलच्या एका मॅडमनी विचारलं आहे: वर्गातल्या तक्त्यावर शुक्राचा दिवस 243 दिवसांचा लिहिलाय, मुलांच्या संदर्भ पुस्तकात 117 दिवसांचा. बुधाचंही तसंच, एकीकडे 59 आणि दुसरीकडे 176. चंद्राचं 27.3 आणि 29.5. मुलांना यातलं कोणतं सांगायचं? आणि नुसतं पाठ करून घेण्यापेक्षा आपल्या कोल्हापुरातून काही दाखवता येईल का?

मॅडम, तक्ताही बरोबर आहे आणि पुस्तकही. दोन्हीकडे आकडा छापलाय, पण तो कशाच्या संदर्भात मोजला हे छापायचं राहून गेलंय. ग्रहाने ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवती एक गिरकी पूर्ण केली की तो त्याचा नाक्षत्र दिन. त्या ग्रहाच्या जमिनीवर उभं राहिलं आणि सूर्य एकदा माथ्यावर आल्यापासून पुन्हा माथ्यावर येईपर्यंतचा वेळ मोजला, की तो सौर दिन. ग्रह गिरकी घेता घेता सूर्याभोवती पुढेही सरकत असतो, म्हणून हे दोन काळ जुळत नाहीत. शुक्राचे 243 दिवस ताऱ्यांच्या हिशेबाने आहेत, 117 सूर्याच्या.

आपल्या पृथ्वीलाही हे लागू आहे. पृथ्वीची खरी गिरकी 23 तास 56 मिनिटे 4 सेकंदांची. तेवढ्यात ती सूर्याभोवती जवळपास एक अंश पुढे गेलेली असते, आणि सूर्य पुन्हा त्याच जागी दिसायला आणखी साधारण 4 मिनिटे वळावं लागतं. तेव्हा कुठे 24 तास होतात. म्हणूनच तारे रोज सुमारे 4 मिनिटे आधी उगवतात, महिन्याला दोन तास आधी, आणि थंडीत संध्याकाळी पूर्वेला दिसणारा व्याध उन्हाळा येईतो पश्चिमेला कललेला असतो.

हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या, सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमतो. 1 ला गिरकीच्या काळाने भागायचं, 1 ला वर्षाच्या काळाने भागायचं, पहिल्यातून दुसरं वजा करायचं आणि आलेल्या उत्तराने पुन्हा 1 ला भागायचं. बुध घ्या: गिरकी 58.65 दिवस, वर्ष 87.97 दिवस. उत्तर येतं सुमारे 176. म्हणजे बुधावर एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत त्याची दोन वर्षं उलटतात. शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे तिथे वजाबाकीऐवजी बेरीज करायची: 243 आणि 224.7 घेतले की 116.75 दिवस येतात. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो आणि ताऱ्यांच्या हिशेबाचा एक दिवस वर्षापेक्षा मोठा असतो. गिरकी इतकी संथ, आणि वरचे ढग मात्र चारेक दिवसांत ग्रहाला वळसा घालतात. हेच सूत्र चंद्राला लावा, 27.32 आणि 365.25 दिवस घेऊन, 29.53 येतात. तुम्ही विचारलेल्या तिन्ही जोड्या या एकाच सूत्रात बसतात, आणि माझ्या मते तीन वेगवेगळे आकडे पाठ करून घेण्यापेक्षा हे एक सूत्र वर्गात करून घेणं कितीतरी मोलाचं आहे.

बुधाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. इटलीच्या शियापारेली यांनी वर्षानुवर्षं दुर्बिणीतून बुधावरच्या पुसट खुणा टिपल्या आणि 1889 मध्ये जाहीर केलं की बुध 88 दिवसांतच स्वतःभोवती फिरतो, म्हणजे चंद्र जशी एकच बाजू पृथ्वीला दाखवतो तसा बुध सूर्याला दाखवतो. पुढे पाऊणशे वर्षं पुस्तकांत हेच छापलं गेलं. 1965 मध्ये पेटेंगिल आणि डाइस यांनी अरेसिबोच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीतून बुधावर रडारच्या लहरी सोडल्या. फिरणाऱ्या ग्रहाची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते, त्यामुळे परत आलेल्या लहरींची वारंवारता थोडी पसरते. त्या पसरण्यावरून गिरकी निघाली 59 दिवसांच्या आसपास. कोलंबो या इटालियन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हे 88 चे बरोबर दोन तृतीयांश आहेत: दोन वर्षांत तीन गिरक्या. मग आधीचे निरीक्षक फसले कसे? बुध सूर्याच्या इतका जवळ असतो की तो नीट दिसण्याचे मोके मोजकेच. तसा चांगला मोका साधारण 348 दिवसांनी परत येतो, आणि तेवढ्यात बुधाच्या जवळजवळ सहा गिरक्या होतात. दरवेळी तीच बाजू समोर! त्यांनी डोळ्यांना दिसलं ते इमानदारीने काढलं होतं. मोजण्याचं वेळापत्रकच असं होतं की दुसरं काही दिसूच नये. विज्ञान कसं चालतं हे सांगायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता चंद्र. "चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही, म्हणून एकच बाजू दिसते" असं मुलं हमखास म्हणतात, कधी कधी मोठेही. त्यांना देवळातल्या प्रदक्षिणेची आठवण करून द्या. प्रदक्षिणा घालताना आपली उजवी बाजू सतत गाभाऱ्याकडे असते. पण एका फेरीत आपलं तोंड पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असं चारही दिशांना होऊन येतं, म्हणजे आपणही स्वतःभोवती बरोबर एकदा वळलेलो असतो. चंद्राची गिरकी 27.32 दिवसांची आणि पृथ्वीभोवतीची फेरीही 27.32 दिवसांची. वर्गात मध्ये खुर्ची ठेवून एका मुलाला तिच्याभोवती चालायला लावलं की शंका फिटते.

हे 27.32 दिवस ताऱ्यांच्या हिशेबाने, म्हणून पंचांगात नक्षत्रं 27. अमावास्या ते अमावास्या मात्र 29.53 दिवस, कारण तोवर सूर्य आकाशात पुढे सरकलेला असतो आणि चंद्राला त्याला गाठायला दोन दिवसांहून जास्त लागतात. असे बारा चांद्रमास म्हणजे 354 दिवस. सौर वर्षापेक्षा ते 11 दिवसांनी कमी पडतात, आणि ती तूट भरायला साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो. चंद्राच्या जमिनीवरचा दिवसही याच 29.53 दिवसांचा, त्यातला उजेड 14-15 दिवस, अंधार तेवढाच. चांद्रयान-3 चा विक्रम 23 ऑगस्ट 2023 ला उतरला तो तिथे सकाळ झाली असताना, म्हणजे सौर पट्ट्यांना पूर्ण उजेडाचा काळ मिळावा. 4 सप्टेंबरला त्याला झोपवलं, कारण तिथली रात्र जवळ आली होती. सगळी मोहीम चंद्राच्या त्या एका दिवसात बसवलेली होती.

वर्षालाही असेच दोन आकडे आहेत, आणि ते दाखवायला कोल्हापूरसारखं गाव नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असणार. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. मुलांना विचारा, याच दोन वेळा का? कॅलेंडर काढून 21 डिसेंबरपासून दोन्हीकडे दिवस मोजायला लावा. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस, 21 डिसेंबर ते 1 फेब्रुवारी 42. सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परत येताना एकाच जागी मावळतो, ठीक पश्चिमेपासून साधारण 18 अंश दक्षिणेला. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि तिचं परिभ्रमण या दोन्हींची ही साक्ष दगडात बांधलेली आहे. ढग आले किंवा वाटेत एखादी इमारत आडवी आली तर किरणं अडतात, पण सूर्य आपली तारीख चुकवत नाही. आपलं इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या वर्षावर, म्हणजे 365.2422 दिवसांवर बेतलेलं आहे, म्हणून किरणोत्सवाच्या तारखा टिकून राहतात.

संक्रांतीच्या तारखा मात्र टिकत नाहीत. मकर संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने ठरते, आणि ते वर्ष आहे 365.2564 दिवसांचं. दोन्हींत फरक फक्त 20 मिनिटांचा. पण तो साठत जातो आणि साधारण 70-72 वर्षांत एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज ती 14 किंवा 15 जानेवारीला येते. या फरकाचं कारण पृथ्वीचा अक्ष स्वतःच हळूहळू डोलतो हे आहे; त्या डोलण्याची एक फेरी जवळपास 26,000 वर्षांची.

आता मुलं हमखास विचारतात तो प्रश्न: ग्रहाला सूर्याभोवती जायला किती वेळ लागणार हे ठरतं कशावरून? फक्त अंतरावरून. केप्लरने 1619 मध्ये नियम प्रसिद्ध केला: सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या पटीत घ्या, त्याचा घन करा, वर्गमूळ काढा, वर्षं मिळाली. गुरू 5.2 पट लांब; घन 140.6, वर्गमूळ 11.86. शनी 9.54 पट, उत्तर 29.46 वर्षं. कॅल्क्युलेटर असेल तर नेपच्यूनपर्यंतचे सगळे आकडे एका तासात मुलं स्वतः काढतील. युरेनस 84 वर्षं, नेपच्यून 164.8. नेपच्यून 1846 मध्ये सापडला आणि तेव्हापासूनची त्याची पहिली फेरी पूर्ण व्हायला 2011 उजाडलं.

हे आकडे आपल्या घरांत आधीपासून आहेत. शनीची 29.46 वर्षं बारा राशींत वाटली की एका राशीला अडीच वर्षं येतात. तीन राशींची साडेसात, तीच साडेसाती. साडेसातीत काय होतं ते बाजूला ठेवा, शनीचं परिभ्रमण त्या शब्दात अचूक मुरलंय. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो. नृसिंहवाडीचा कन्यागत पर्वकाळ गुरू कन्या राशीत आला की लागतो: 2004 ला झाला, 2016 ला झाला. पण गुरूची फेरी पूर्ण 12 वर्षांची नाही, 11.86 ची आहे. दर फेरीला सुमारे 50 दिवस उरतात, आणि सात फेऱ्यांत ते वर्षभराचे होतात. म्हणून कधीतरी बाराऐवजी अकराव्याच वर्षी पर्व येतं. हरिद्वारचा कुंभ 2010 नंतर 2021 ला झाला, त्यामागे हेच गणित आहे.

परिवलनाला, म्हणजे स्वतःभोवतीच्या गिरकीला, मात्र असा कोणताही नियम नाही, आणि हे वर्गात ठासून सांगायला हवं. मुलं तक्त्यात क्रम शोधतात आणि तो सापडत नाही म्हणून गोंधळतात. मंगळ सूर्यापासून दीडपट लांब, तरी त्याचा सौर दिवस 24 तास 39 मिनिटे 35 सेकंद, जवळपास आपल्याइतकाच. सगळ्यात मोठा गुरू सगळ्यात भरभर फिरतो, 9 तास 55 मिनिटे. युरेनस 17 तास 14 मिनिटे, तोही आडवा पडून. नेपच्यून 16 तासांच्या आसपास. ग्रह कसा घडला, काय येऊन धडकलं, सूर्याच्या किंवा चंद्राच्या ओढीने किती लगाम घातला, हा ज्याचा त्याचा इतिहास त्या आकड्यात आहे. सूत्राने तो निघत नाही, मोजावाच लागतो.

आणि मोजणं सोपं नाही. गुरूवर घट्ट जमीनच नाही. विषुववृत्ताजवळचे ढग 9 तास 50 मिनिटांत फिरतात, त्याच्या पलीकडचे पाचएक मिनिटं जास्त घेतात. म्हणून आतल्या चुंबकीय क्षेत्राबरोबर बदलणाऱ्या रेडिओ लहरींवरून आकडा ठरवला. शनीवर ती युक्तीही फसली. व्हॉयेजर यानांच्या वेळी रेडिओवरून 10 तास 39 मिनिटे आले, कॅसिनी यान पोचलं तेव्हा काही मिनिटं वेगळा आकडा आला. आतून ग्रहाचा वेग इतक्या थोड्या वर्षांत बदलणं शक्य नव्हतं. शेवटी उत्तर मिळालं कड्यांतून: शनीच्या पोटातल्या कंपनांमुळे कड्यांत उठणाऱ्या लहरी वाचून 2019 मध्ये 10 तास 33 मिनिटे 38 सेकंद हा आकडा काढला गेला. जुनी पुस्तकं आणि नवी पुस्तकं यांत शनीचा दिवस वेगळा दिसला तर त्याचं कारण हे आहे.

चंद्रांचं परिवलन त्या मानाने सोपं. मोठे आणि ग्रहाजवळचे बहुतेक सगळे चंद्र आपल्या चंद्रासारखेच ग्रहाला एकच बाजू दाखवतात, म्हणजे गिरकी आणि फेरी सारखीच. ग्रहाच्या ओढीने चंद्राचा आकार किंचित लांबट होतो, आणि गिरकी जुळेपर्यंत तो फुगवटा तिला सतत रोखत राहतो. शनीचा हायपेरियन याला अपवाद: 21 दिवसांत फेरी मारतो पण त्याचं स्वतःभोवतीचं फिरणं इतकं अस्ताव्यस्त आहे की त्याच्या "दिवसाला" ठरावीक लांबीच नाही. मंगळाचा फोबोस 7 तास 39 मिनिटांत फेरी मारतो, मंगळाच्या दिवसापेक्षा खूपच लवकर, त्यामुळे मंगळावरून तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल. प्लूटो आणि त्याचा शॅरन यांनी तर एकमेकांना बांधून घेतलंय: दोघांच्या गिरक्या आणि फेरी, सगळं 6.39 दिवसांचं.

तीच ओढ आपल्या चंद्राची पृथ्वीवरही चालू आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वी मंदावते, दिवस शतकाला साधारण दोन सहस्रांश सेकंदाने लांबतो, आणि चंद्र वर्षाला 3.8 सेंटीमीटर दूर जातो. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजतात. डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या, प्रवाळांच्या जीवाश्मांवर रोजच्या वाढीच्या रेषा मोजल्या तर एका वर्षात सुमारे 400 भरतात. वर्ष तेवढंच होतं, दिवस छोटा होता.

आता दाखवायचं काय. पहिला प्रयोग फुकटचा आहे. शाळेच्या मैदानात एक खूण करा, तिथून पाण्याच्या टाकीची किंवा भिंतीची उभी कड पश्चिमेला दिसायला हवी. मृगातला एखादा ठळक तारा त्या कडेआड जाण्याची वेळ घड्याळात टिपा. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर उभं राहून पुन्हा टिपा. जवळपास 4 मिनिटं आधी जाईल. आठवड्याने 27-28 मिनिटं आधी. पृथ्वीची खरी गिरकी मुलांनी स्वतः मोजली! दिवसा काठीची सावली सगळ्यात आखूड कधी होते ते बघा. घड्याळाचे बारा वाजता होणार नाही. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि कोल्हापूर 74.2 अंशांवर, म्हणून इथली दुपार सरासरी 12:33 ला होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:17 च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्याला 12:47 च्या. आणि मेच्या पहिल्या आठवड्याअखेरीस एक दुपार अशी येते की काठीला सावलीच नसते.

चंद्रासाठी रोज रात्री आठला तो कोणत्या ताऱ्याजवळ आहे ते वहीत काढायचं. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश. चंद्र रोज सव्वा मुठीपेक्षा थोडा जास्त सरकतो. पंधरवड्यानंतर तो रात्री उशिरा उगवू लागतो, तेव्हा वेळ बदला, वही सोडू नका.

दुर्बीण हाताशी आली तर गुरू आधी दाखवा. चांगली द्विनेत्री (बायनॉक्युलर) तिपाईवर घट्ट बसवली तरी त्याचे चार चंद्र दिसतात. गोल काढून ठिपके मांडायचे, बाजूला वेळ लिहायची, अर्ध्या-अर्ध्या तासाने पुन्हा. सगळ्यात आतला आयो गुरूच्या कडेजवळ असेल तर तासाभरात बिंबाच्या जवळजवळ निम्म्या रुंदीएवढा सरकतो. त्यासाठी शंभरेक पट मोठं दाखवणारी दुर्बीण हवी. आयो 1.77 दिवस, युरोपा 3.55, गॅनिमिड 7.15, कॅलिस्टो 16.69. पहिल्या तिघांचे आकडे जवळजवळ दुप्पट-दुप्पट आहेत हे मुलांना वहीतून दिसू द्या, आधी सांगू नका. त्या मेळामुळे आयो सतत ओढला-सोडला जातो आणि आतून तापतो. 1979 मध्ये काही शास्त्रज्ञांनी हे गणिताने सांगितलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये व्हॉयेजर-1 ला तिथे पेटते ज्वालामुखी दिसले.

कोल्हापूर शहरात दिव्यांच्या उजेडातही गुरू आणि शनी चांगले दिसतात, त्यासाठी मसाई पठारावर जायची गरज नाही. शाळेची गच्ची पुरते. थंडीत, गुरू आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत त्याची अख्खी गिरकी एका रात्रीत पाहता येते: मोठ्या दुर्बिणीतून तांबडा डाग संध्याकाळी मध्यावर दिसला असेल तर तोच डाग पहाटे पुन्हा मध्यावर येतो.

तक्ता नव्याने करणार असाल तर प्रत्येक ग्रहापुढे तीन रकाने ठेवा: ताऱ्यांच्या हिशेबाने गिरकी, सूर्याच्या हिशेबाने दिवस, सूर्याभोवतीची फेरी. मधला रकाना रिकामा सोडा आणि तो मुलांना भरू द्या. शुक्रापुढे "उलटा" लिहायला विसरू नका, नाहीतर बेरीज करायची की वजाबाकी यावर वर्ग अडेल.